स्वतःविरुद्धचे खोटे

महाळुंगे म्हटले की पुणे जिल्ह्यातला माणूस आधी विचारतो, कोणते? चाकणकडचे महाळुंगे इंगळे कारखान्यांमुळे प्रसिद्ध आहे. आम्ही लिहीत आहोत ते मुळशी तालुक्यातले, बालेवाडीला चिकटलेले, मुळा नदीच्या काठचे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडानगरी याच शिवेवर बांधली गेली. पुढे हिंजवडीत संगणक कंपन्या आल्या, त्यांच्या माणसांना राहायला जागा हवी झाली, आणि शेतांतून इमारती वर आल्या. जून २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महापालिकेत घेतली गेली, त्यांत महाळुंगेही गेले. आता तिथे पोचलेल्या पाहुण्याला इमारती आधी दिसतात आणि गाव विचारत जावे लागते.

तिथल्या एका इमारतीत, अकराव्या मजल्यावर, आमचा एक माजी विद्यार्थी भाड्याने राहतो. त्याचे नाव लिहीत नाही आणि त्याच्या कंपनीचेही नाही. २०१६ साली तो आमच्या हाताखालून दहावी झाला, उर्दू माध्यमातून. मग डिप्लोमा, मग डिग्री. २०२१ साली कंपन्या भराभर माणसे घेत होत्या, तेव्हा हिंजवडीतल्या एका बड्या कंपनीत लागला. वडील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमाल. अशा घरातला मुलगा गळ्यात कंपनीचे कार्ड घालून बसमध्ये चढतो, हे आमच्या मोहल्ल्याने पहिल्यांदाच पाहिले. पुढच्या वर्षी शाळेच्या सालाना जलशात आम्ही त्याला मंचावर उभे केले आणि मुलांना सांगितले, मेहनत करा, मोठ्यांचे ऐका, उलट उत्तर देऊ नका, म्हणजे तुम्हीही इथवर याल. टाळ्या बऱ्याच पडल्या. ते भाषण आम्हाला अजून तोंडपाठ आहे, आणि आता ते आठवले की बरे वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी त्याने जेवायला बोलावले होते. त्याचे वडील, आमचे चाचा, आदल्या दिवशीच आले होते आणि गॅलरीत उन्हाला बसले होते. बिर्याणीला अवकाश होता. हा मुलगा लॅपटॉप उघडून एक तक्ता भरत होता. कोणत्या कामावर किती तास गेले याची आठवड्याची नोंद, ज्याला ते टाइमशीट म्हणतात. सोमवार ते शुक्रवारच्या रकान्यांत तो न पाहता आठ, आठ, आठ असे बडवत गेला. आम्ही सहज म्हटले, बरे आहे, तुमचे तास ठरलेले असतात. तो हसला. म्हणाला, "सर, या आठवड्यात एक दिवसही अकरा-बारा तासांच्या खाली काम झालेले नाही."

"मग आठ का लिहितोस?"

"आठच लिहायचे असतात."

विषय तिथेच संपला असता. पण असरची नमाज झाल्यावर मुसल्ला गुंडाळता गुंडाळता तो आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "सर, आप पढाए इसलिए आपकोच पूछता हूँ. अपने खुद के खिलाफ झूट लिखा, तो भी गुनाह होता क्या?"

आम्ही शिक्षक. प्रश्न आला की उत्तर देण्याची आम्हाला सवय आहे. त्या दिवशी मात्र आम्ही, "एखाद्या आलिम साहेबांना विचारून सांगतो," असे म्हणून वेळ मारून नेली. त्याला एक कारण होते, ते पुढे सांगतो. पण घरी आल्यावर त्या प्रश्नाने पिच्छा सोडला नाही.

आधी हे खोटे तयार कसे होते ते पाहू. कंपनी गिऱ्हाइकाशी आधी ठरवते की अमुक काम अमुक पैशांत, अमुक तासांत करून देऊ. करार आपल्याच हाती यावा म्हणून तास कमी लावलेले असतात. काम मात्र जेवढे असते तेवढेच असते. मग जास्तीचे तास कुठून तरी यावे लागतात, आणि ते रात्रीतून, रविवारातून, बसमधल्या प्रवासातून येतात. हे तास तक्त्यात दिसले तर वरच्या साहेबाच्या पडद्यावर ते काम लाल रंगात दिसू लागते आणि त्याला जाब द्यावा लागतो. म्हणून खालच्या साहेबाकडून निरोप येतो, आठच भरा. हा निरोप मेलवर कधी येत नाही. चहाच्या यंत्रापाशी येतो, हसत हसत येतो. आणि एखाद्याने खरे अकरा भरलेच, तर वर्षअखेरीच्या मूल्यमापनात त्याला विचारतात, इतरांना जे आठ तासांत जमते ते तुला अकरा तासांत का? इतरांनीही अकराच घालवले आणि आठ लिहिले, हे विचारणाऱ्यालाही माहीत असते. खरे लिहिणारा कामात कच्चा ठरतो आणि खोटे लिहिणारे हुशार. मापातले पाप आम्ही बाजारात पाहिले आहे, पण हे माप उलटे आहे. देणारा जास्त देतो आणि स्वतःच्याच हाताने कमी मांडतो.

आमच्या या मुलाच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. जुम्म्याच्या नमाजला तो पाऊण तास जातो. कंपनीत आजवर कुणी हरकत घेतलेली नाही, हे त्याने आवर्जून सांगितले. तरी जुम्म्याच्या संध्याकाळी तो आपणहून दोन तास जास्त बसतो. कुणी म्हणायला नको, म्हणून. हा फ्लॅट मिळण्याआधी सहा-सात ठिकाणी नाव सांगितल्यावर मालकांचे विचार बदलले होते. २ जून २०१४ रोजी हडपसरला, कंपनीत नोकरी करणारा एक मुसलमान तरुण नमाज पढून घरी परतताना जमावाच्या हातून मारला गेला. तेव्हा आमचा हा मुलगा शाळेत होता, पण त्याची आई अजून ती तारीख सांगते. ज्याच्या मनात हे सगळे साठलेले आहे तो टीम लीडला 'नाही' कसा म्हणेल? इतरांना एकदा सिद्ध करावे लागते, आपल्याला दोनदा, हे त्याला कुणी शिकवलेले नाही. आमच्यासारख्यांनी मात्र शिकवले आहे, जलशातल्या भाषणांतून.

मोहल्ल्यात हा प्रश्न कुणाला सांगितला तर पहिले उत्तर ठरलेले असते. शुक्र करा. एवढा पगार, एवढे मोठे नाव, वातानुकूलित खोलीत काम, आणि तुम्ही तास मोजता? यात तथ्य नाही असे नाही. त्याच इमारतीच्या फाटकावर उभा असलेला पहारेकरी बारा तासांची पाळी करतो आणि त्याच्या तासांबद्दल कुणी लेख लिहीत नाही. आम्हालाही हे लिहिताना संकोच होतो. पण शुक्र अल्लाहचा करायचा असतो. तो कंपनीच्या नावावर जमा करायला सांगणारे कोण? रोजी देणारा एक आणि पगार देणारा दुसरा, एवढा फरक आपल्या आजीलाही कळत होता.

दुसरे उत्तर जास्त विचार करायला लावणारे आहे, आणि ते आम्हाला एका सज्जन नमाजी गृहस्थांनी दिले. ते म्हणाले, हक्क सोडून देणे हे पुण्याचे काम आहे. मुलाने आपले तीन तास माफ केले, त्यात गुनाह कसला? सदका झाला.

या उत्तराशी आम्ही बरेच दिवस झगडलो. कुरआनच्या सूरह बकरामध्ये अडचणीत असलेल्या ऋणकोला मुदत द्या, आणि माफ केले तर तुमच्यासाठी ते अधिक चांगले, अशा अर्थाची आयत आहे. आणि तिच्यानंतर लगेचच, एक आयत सोडून, कुरआनातली सर्वांत लांब आयत येते. ती नमाजविषयी नाही, रोजाविषयी नाही, जन्नतविषयीही नाही. ती हिशेब लिहिण्याविषयी आहे. देणे-घेणे ठरले की ते लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने लिहायला नकार देऊ नये, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा आणि त्यातले काही कमी करू नये, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नये. लहानपणी मदरशात ही आयत पाठ करताना आम्हाला ती रुक्ष वाटायची. आता या दोन आयती शेजारी शेजारी का आहेत, ते थोडेसे उमगल्यासारखे वाटते. माफ करायचे तर आधी ते देणे वहीत असले पाहिजे. वहीत अकरा तास लिहा आणि खाली लिहा, तीन माफ केले. तो सदका. पण अकरा झालेच नाहीत, आठच झाले, असे लिहिणे म्हणजे माफी नव्हे. तिथे देणाऱ्याचे दान नाहीसे होते आणि घेणाऱ्याचे ओझेही. घेणाऱ्याला आपण काही घेतले याचा पत्ताच लागत नाही, मग त्याने आभार कुणाचे मानायचे आणि लाजायचे कुणापुढे?

सूरह निसामध्ये न्यायासाठी साक्ष द्या, ती तुमच्या स्वतःविरुद्ध गेली तरी द्या, असे सांगितले आहे. आमच्या मुलाच्या मनात बहुधा हीच आयत असावी आणि तो तिची उलटी बाजू धरून बसला होता. स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष थोर ठरते, ती खरी असते म्हणून. नुकसान आपले आहे एवढ्यावर खोटी साक्ष खरी होत नाही.

चाकरी आणि मालक यांचा कुरआनमधला एक प्रसंग आम्हाला फार आवडतो. हजरत मूसा मिस्रमधून पळून मदयनला येतात. ना घर, ना ओळख. विहिरीवर दोन मुलींच्या गुरांना पाणी पाजतात. त्यांतली एक वडिलांना म्हणते, यांना नोकरीवर ठेवा, ठेवण्याजोगा माणूस तोच, जो ताकदवान आहे आणि विश्वासू आहे. नोकरीच्या जाहिरातीत याहून जास्त काय लिहिणार? मग ते वृद्ध मूसांशी करार करतात. त्यात मूसांचा निकाहही ठरतो, तो भाग इथे बाजूला ठेवू. करार असा, की आठ वर्षे माझी चाकरी कर. दहा पुरी केलीस तर ते तुझ्याकडून. मला तुला जाचात टाकायचे नाही. मूसा उत्तर देतात, हे तुमच्या-माझ्यात ठरले, दोन्हींपैकी कोणतीही मुदत मी पुरी केली तरी माझ्यावर जबरदस्ती होऊ नये, आणि आपण बोललो त्यावर अल्लाह साक्षी आहे.

मूसा त्या वेळी किती लाचार होते ते पाहा. निर्वासित, मागे खुनाचा आळ, अंगावरचे कपडे तेवढे. त्यांना काहीही अट घालता आली असती. मालकाने आठ म्हटले. वरची दोन वर्षे मागितली नाहीत, मोकळी ठेवली. आणि इब्ने अब्बास यांच्याकडून आलेली रिवायत सांगते की मूसांनी जास्तीची मुदत पुरी केली. दहा वर्षे. ही दहा वर्षे मोठी वाटतात, कारण आठवर थांबता आले असते. न थांबण्याची सक्ती असती तर नववे वर्ष आणि दहावे वर्ष हे पहिल्या आठांसारखेच झाले असते, आणि ज्याला आपण एहसान म्हणतो त्याला जागाच उरली नसती.

आता आमच्याकडची थोर माणसे काय म्हणतात? इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले, देश पुढे न्यायचा तर तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे. इन्फोसिस १९८१ साली याच पुण्यात, दहा हजार रुपयांवर सुरू झाली, आणि त्या काळात तिच्या संस्थापकांनी सत्तरच काय, त्याहून जास्त तास घातले असतील. पण ती त्यांची नववी आणि दहावी वर्षे होती. कंपनी त्यांची होती. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष नव्वद तासांवर गेले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, असेही विचारून बसले. (आमच्या सौभाग्यवतींनी ही बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. त्यावरचे त्यांचे मत इथे छापण्याजोगे नाही.) या दोघांवर लोकांनी खूप टीका केली, विनोद केले. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. सत्तर आणि नव्वद म्हणणाऱ्यांनी निदान आकडा उच्चारला. आमच्या मुलाच्या कंपनीत आकडा आठच आहे. काम बारा तासांचे आहे.

कायदा आकड्यावर चालतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती, आणि वरच्या तासांना दुप्पट दर. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नऊचे दहा करायला मंजुरी दिली, त्यावर वर्तमानपत्रांत उलटसुलट बरेच आले. आमच्या मुलाला विचारले तर तो म्हणाला, "सर, नऊ का दस किए या बारा किए, मेरे को क्या फरक? मैं तो आठ लिखता." जो तास लिहिलाच नाही त्याला दुप्पट दर कसा लागायचा? जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका जगप्रसिद्ध हिशेब-तपासणी कंपनीत नुकतीच लागलेली सव्वीस वर्षांची मुलगी वारली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून कामाच्या ताणाबद्दल सांगितले, आणि दफनाला कार्यालयातून कुणी आले नाही हेही लिहिले. कामाच्या ताणाने मृत्यू झाला, हे कंपनीने मानले नाही. खरे काय ते ठरवणे आमचे काम नव्हे. पण पुढे कामगार खात्याचे अधिकारी तिथे गेले तेव्हा त्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे त्यांना आढळले. दुसऱ्यांचे हिशेब तपासणारे कार्यालय, आणि त्याचे स्वतःचे नाव सरकारी वहीत नाही.

हे एकतर्फी होऊ नये. नोकर मंडळीही मापात मारतात. घरून काम करताना माऊस आपोआप हलत राहील अशी यंत्रे लोक लावतात. २०२२ साली विप्रोने दुसरीकडे चोरून नोकरी करणाऱ्या तीनशे जणांना काढले. विश्वासघात तो विश्वासघातच, आणि सूरह मुतफ्फिफीनचा इशारा दोन्ही बाजूंना आहे, घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे. पण भाषेकडे जरा लक्ष द्या. काम कमी देणाऱ्याला मराठीत शब्द आहे, कामचोर. उर्दूतही तोच. जास्त काम घेऊन ते न मांडणाऱ्याला? आम्हाला बराच वेळ शब्द सापडेना. मग आठवला. वेठबिगार. यातला वेठ संस्कृतातल्या विष्टीवरून आला आणि बिगार फारसीतून. दोन्ही भाषांना हा अनुभव इतका ओळखीचा होता की मराठीने दोन्ही शब्द जोडून टाकले. १९७६ साली कायद्याने वेठबिगारी बंद झाली, आणि शब्द आपण गोष्टींच्या पुस्तकात ठेवून दिला. साठ हजार पगाराच्या माणसाला तो लावायला जीभ धजत नाही. आमचीही धजत नाही. पण जवळचा दुसरा शब्दही सापडत नाही.

मुळशी तालुक्याला बड्या कंपनीची ओळख हिंजवडीपासून झाली असे नव्हे. याच मुळा नदीवर, वरच्या अंगाला, टाटा कंपनीने मुंबईला वीज देण्यासाठी धरण बांधायला घेतले, आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले, जमिनी पाण्याखाली गेल्या. सत्याग्रह हरला, असे पुस्तकात लिहितात. पण त्या शेतकऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट होती. आपले काय जात आहे ते त्यांना दिसत होते, कारण जमिनीला चतुःसीमा होती. महाळुंग्यात अकराव्या मजल्यावर रात्री दीड वाजता लॅपटॉपपुढे बसलेल्या माणसाचे जे जाते त्याला चतुःसीमा नाही.

आता चाचांकडे येतो. त्या रविवारी आम्ही उत्तर टाळले तेव्हा ते गॅलरीतून ऐकत होते. जेवताना त्यांनी मुलाला विचारले, किती थैल्या लिहिल्या, किती उचलल्या? त्यांना टाइमशीट कळलेले नव्हते, पण गोष्ट बरोबर कळली होती. मुलाने सांगितले. चाचांनी हातातला घास खाली ठेवला.

मार्केट यार्डातले हमाल टोळीने काम करतात. गाडी टोळीची, थैल्यांची मोजणी टोळीची, आणि आलेली मजुरी टोळीत वाटली जाते. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि इतर संघटनांनी झगडून मिळवलेला १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्या पाठीशी आहे. त्या कायद्याने मजुरी मंडळामार्फत मिळते, आणि मजुरीवर व्यापाऱ्याकडून जी लेव्ही घेतात त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी निघते. म्हणजे वहीतली एक थैली ही फक्त आजची मजुरी नसते. शंभर किलोचे पोते पन्नासवर आणण्यासाठी हे लोक लढले, तेही एकेकट्याने नव्हे. चाचा म्हणाले, "मास्टर साब, मुकादम एक थैली कम लिखा ना, तो मैं अकेला माफ नहीं कर सकता. वो थैली मेरी नहीं है. टोली की है."

मुलगा म्हणाला, "अब्बा, हमारे यहाँ टोली नहीं होती. टीम होती."

चाचांनी विचारले, "तेरे टीम में दूसरा भी आठ लिखता?"

"सगळेच लिहितात."

"क्यों लिखता?"

मुलगा थांबला. मग म्हणाला, "कारण मी आठ लिहितो."

हे वाक्य त्याने आमच्याकडे न पाहता, ताटाकडे पाहत म्हटले. स्वतःविरुद्धचे खोटे म्हणून तो जे समजत होता ते स्वतःविरुद्ध नव्हतेच. त्याच्या आठामुळे शेजारच्याला आठ लिहावे लागत होते. पुढचा करार करताना कंपनी मागचे तक्ते पाहणार होती आणि म्हणणार होती, हे काम आठ-आठ तासांत झालेले आहे, या वेळी सात लावू. मग कुणीतरी नवा मुलगा, कदाचित आमच्याच शाळेतला, जलशात ज्याने टाळ्या वाजवल्या होत्या तोच, त्या सातांत बारा तास कोंबणार होता.

आणि आम्ही गप्प का बसलो होतो ते आता सांगितले पाहिजे. बी.एड. झाल्यावर आमची पहिली नोकरी एका विनाअनुदानित उर्दू शाळेत लागली. हा मुलगा त्याच शाळेत आमच्या वर्गात होता. दर महिन्याला कार्यालयात जाऊन पगारपत्रकावर सही करायची. कागदावर एक आकडा असे, पाकिटात त्याचा निम्मा. संस्था कौमची आहे, मुली शिकत आहेत, समजून घ्या, असे सांगितले जाई, आणि आम्ही खरोखरच समजून घेत होतो. आम्हालाही वाटे की हा आमचा सदका आहे. तीन वर्षे सह्या केल्या. सकाळी सही आणि दुपारी सातवीच्या वर्गात सच्चाईचा धडा. आम्ही नोकरी सोडल्यावर तिथल्या एका बाईंनी पूर्ण पगार मागितला. त्या विधवा होत्या, दोन मुले होती. संस्थेने त्यांच्यापुढे जुनी पगारपत्रके ठेवली आणि आमच्या छत्तीस सह्या दाखवल्या. यांना पूर्ण मिळाला, यांनी कधी तक्रार केली नाही, तुम्हालाच कशी अडचण? बाईंनी हे आम्हाला फोन करून सांगितले. रागावल्या नाहीत. फक्त विचारले, "सर, तुम्हाला खरोखर पूर्ण मिळत होता का?"

त्या बाईंना आम्ही उत्तर दिले होते, खरे उत्तर, पण तेव्हा त्याचा उपयोग राहिला नव्हता. लेखी द्या म्हणाल्या तेव्हा आम्ही नव्या शाळेत कायम होण्याची वाट पाहत होतो आणि आम्ही दिले नाही.

हे आम्ही महाळुंग्यात, बिर्याणीच्या ताटावर, त्या मुलाला आणि चाचांना सांगितले. जलशातल्या भाषणाबद्दलही सांगितले. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी आमच्या ताटात आणखी एक चमचा वाढला.

पुढच्या शुक्रवारी रात्री मुलाचा फोन आला. त्याने त्या आठवड्यात खरे तास भरायचे ठरवले होते. सोमवारच्या रकान्यात त्याने अकरा टाकले. यंत्राने ते घेतले नाहीत. त्या रकान्यात नऊच्या वर आकडाच जात नव्हता. चार वर्षे तो तक्ता भरत होता आणि त्याला हे माहीत नव्हते, कारण कधी प्रयत्नच केला नव्हता. शेरा लिहायची एक छोटी चौकट खाली होती. तिथे त्याने रोजचे खरे तास शब्दांत लिहिले आणि पाठवून दिले. टीममधल्या एका मराठी मुलीला आणि एका तमिळ मुलाला सांगितले. मुलीने तिचेही लिहिले. मुलगा म्हणाला, विचार करतो.

अजून कुणी त्यांना काही विचारलेले नाही. चाचांनी मार्केट यार्डाजवळच्या दुकानातून एक लांबट, लाल कापडी पाठीची वही आणून त्याला दिली आहे. तीत तो तारीख घालून तास लिहितो, रोज, झोपण्यापूर्वी.